कुंडीतील ब्रह्मकमळ आणि मूळकूज

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आजवर इतिहासावर बोलणे झाले, संगीतावर झाले, संतवाङ्मयावर झाले. आणि आज कुंडीतल्या एका झाडाच्या मुळांवर बोलण्यासाठी आम्ही आपल्यापुढे उभे आहोत. कार्यवाहांनी दूरध्वनीवरून विषय विचारला तेव्हा आम्ही ‘मूळकूज’ असे स्पष्ट सांगितले होते. त्यांना ते ‘मूळपीठ’ असे ऐकू आले असावे, कारण त्यांनी मोठ्या आनंदाने होकार दिला. पत्रिका छापून आल्यावर माघार घेण्यास दोघांनाही वाव उरला नाही. असो.

विषय क्षुल्लक वाटला तरी तो आपल्या घराघरांतला आहे. दरवर्षी गणेशोत्सवात आरती आटोपून मंडळी प्रसादाची वाट पाहत उभी असतात, तेव्हा कोणी ना कोणी आम्हांला बाजूला घेऊन विचारते, “अहो, आमच्या ब्रह्मकमळाला काय झाले कळत नाही. पाने पिवळी पडून लोंबू लागली आहेत. पाणी तर रोज न चुकता घालतो.” त्या ‘रोज न चुकता’ या शब्दांतच रोगाचे निदान असते, पण सणासुदीच्या दिवशी तसे तोंडावर सांगणे बरे दिसत नाही. ते आज सविस्तर सांगावे, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम आमचीच चूक सांगतो, म्हणजे पुढचा उपदेश कोणास टोचणार नाही. सुमारे तीस वर्षांपूर्वी आजोळच्या घराची आवराआवर करण्यासाठी आम्ही साताऱ्यास गेलो होतो. घर विकले गेले होते. भांडीकुंडी वाटली गेली, देव मामांकडे गेले, आणि निघताना आजीने परसात लावलेल्या ब्रह्मकमळाचे एक पान आम्ही तोडून घेतले. वर्तमानपत्रात गुंडाळून, फराळाच्या डब्यांच्या पिशवीत उभे ठेवलेले ते पान भुसावळ-इटारसी मार्गे जबलपुरास आले, येथे रुजले आणि तिसऱ्या वर्षी फुलले. साताऱ्यास त्या जागेवर पुढे इमारत उभी राहिली; परस गेले, विहीरही बुजली. त्या घरातले जिवंत असे जे काही आमच्यापाशी उरले होते, ते त्या एका कुंडीत होते.

कळी टपोरी होऊन मान वर उचलू लागली, की आज रात्री फूल उमलणार हे ओळखावे. त्या रात्री आमच्या अंगणात दहा-बारा माणसे सहज जमत. शेजारची हिंदी बोलणारी कुटुंबेही मुलाबाळांसह येत. चहा होई, गाणी होत, आणि मध्यरात्रीच्या सुमारास ते पांढरेशुभ्र फूल पूर्ण उमलले, की बोलणी आपोआप थांबत. सकाळी ते मान टाकून लोंबत असे.

मग दहाएक वर्षांपूर्वीच्या एका श्रावणात पाने मलूल दिसू लागली. आम्हांला वाटले, झाडाला तहान लागली आहे. पाणी वाढवले. पाने आणखी मलूल झाली. आम्ही शेणखत घातले आणि पुन्हा पाणी घातले. शेवटी एके सकाळी काठीचा आधार द्यावा म्हणून झाड जरा हलवले, तो ते अलगद उपटून हातात आले. खाली मुळे नव्हतीच. मुळांच्या जागी काळपट चिखल होता, कुबट घाण येत होती, आणि बुंध्यास बोट लावले तर ते आत रुतत होते. कुंडीखालची थाळी पाण्याने काठोकाठ भरलेली होती.

त्या झाडाचे पुढे काय झाले ते अखेरीस सांगू. ते का मेले, हे आधी पाहू.

आपण ज्यास ब्रह्मकमळ म्हणतो ते झाड मुळात निवडुंगाच्या, म्हणजे कॅक्टसच्या कुळातले आहे, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. त्याचे शास्त्रीय नाव ‘एपिफायलम ऑक्सिपेटॅलम’. त्याचे मूळ घर दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिका. हिमालयातील खरे ब्रह्मकमळ निराळे. ते सूर्यफुलाच्या कुळातले, ‘सॉसुरिया ऑब्व्हॅलाटा’ या नावाचे असून उत्तराखंडाचे राज्यपुष्प आहे. आपल्या कुंडीतल्या झाडाची जी लांबट, चपटी ‘पाने’ आपण तोडून देतो, ती खरे म्हणजे पाने नव्हेतच. ती चपटी झालेली खोडे आहेत. म्हणूनच त्यांच्या कडेवरून कळ्या येतात, आणि म्हणूनच एक तुकडा मातीत खोवला तरी नवे झाड होते. उलटपक्षी, कोकणात आणि देशावर कुंपणाला लावतात तो तोडल्यावर पांढरा चीक येणारा निवडुंग एरंडाच्या कुळातला आहे. तो कॅक्टस नव्हे. तळहातासारख्या पेरांचा फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस, आणि तोही अमेरिकेतून आलेला. एका जातीचा अपवाद सोडला तर सारे कॅक्टस मूळचे अमेरिका खंडातलेच.

या कुळाची एक रीत ध्यानात घेतली, म्हणजे पुढचे सारे सोपे होते. बहुतेक झाडे दिवसा आपली सूक्ष्म छिद्रे उघडून हवा घेतात, आणि त्याच वेळी त्यांतून पाण्याची वाफ निघून जाते. बहुतेक कॅक्टस ही छिद्रे दिवसा मिटून ठेवतात आणि रात्रीच्या गारव्यात उघडतात. रात्री घेतलेला वायू आम्लाच्या रूपाने साठवायचा आणि दिवसा त्यापासून अन्न तयार करायचे, असा त्यांचा व्यवहार असतो. या रीतीचा एक जुना दाखला हिंदुस्थानातलाच आहे. बेंजामिन हाइन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने येथे असताना पानफुटीचे पान चावून पाहिले. सकाळी ते आंबट लागले आणि दुपारनंतर बेचव. त्याचे हे निरीक्षण १८१५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. पानफुटी कॅक्टस नव्हे, पण रीत तीच. तात्पर्य, ही झाडे पाणी फार जपून खर्च करतात. ज्याचा खर्च थोडा, त्याच्या पदरात रोज नवी भर टाकली तर ती साठून राहणार, हे उघड आहे.

आता मुळांकडे वळू. मूळ केवळ पाणी पिते, अशी आपली समजूत असते. परंतु मूळ श्वासही घेते. मातीच्या कणांमध्ये ज्या बारीक पोकळ्या असतात, त्यांतील हवेतून त्यास प्राणवायू मिळतो. त्या पोकळ्या पाण्याने भरल्या की प्राणवायूची वाट बंद होते, कारण हवेतून तो जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट मंद गतीने तो पाण्यातून पसरतो. मुळे गुदमरतात, मरतात, आणि मेलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत. म्हणून भिजलेल्या मातीत उभे असलेले झाड तहानल्यासारखे मलूल दिसते. आम्ही फसलो तो येथेच. मलूल पान पाहून हात पाण्याच्या तांब्याकडे जातो. त्याआधी तो कुंडीतल्या मातीकडे गेला पाहिजे. माती कोरडी आणि पान मलूल, तर ती तहान. माती ओली आणि पान मलूल, तर ती मूळकूज समजावी.

गुदमरलेल्या मुळांवर मग रोग चाल करून येतो. त्यांतील एका प्रमुख शत्रूचा आणि कॅक्टसचा संबंध फार जुना आहे. ज्या १८७० साली मुंबईहून निघालेला लोहमार्ग आपल्या या जबलपुरास येऊन कलकत्त्याच्या मार्गास मिळाला, त्याच साली युरोपात ब्रेस्लाऊ येथे लेबर्ट आणि कोन या दोघा शास्त्रज्ञांनी कुजत असलेल्या कॅक्टसांवर सापडलेल्या एका रोगजंतूचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यास आज ‘फायटॉफ्थोरा कॅक्टोरम’ म्हणतात. फायटॉफ्थोरा या ग्रीक नावाचा अर्थच मुळी ‘वनस्पतींचा नाश करणारा’ असा आहे. १८४५ नंतर आयर्लंडातील बटाट्याचे पीक बुडवून लक्षावधी माणसांना उपाशी मारणारा रोगही याच घराण्यातला. हा जंतू दिसावयास बुरशीसारखा असला तरी खरी बुरशी नव्हे. त्याच्या बीजाणूंना दोन सूक्ष्म शेपट्या असतात, आणि त्यांच्या बळावर ते मातीतल्या पाण्यातून चक्क पोहत मुळापर्यंत जातात. पाणी नसेल तर त्यांना पोहता येत नाही. या रोगाचे सारे मर्म या एका वाक्यात आहे.

आपल्यापैकी जे नागपूर-अमरावतीकडचे आहेत, त्यांना हा शत्रू दुसऱ्या नावाने ठाऊक आहे. संत्र्याच्या झाडाच्या बुंध्यातून डिंक ओघळू लागतो, साल कुजते आणि झाड वाळते. त्यास शेतकरी ‘डिंक्या’ म्हणतात. तो याच फायटॉफ्थोराच्या भाईबंदांचा प्रताप. जाणते बागाईतदार पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर बुंध्यास बोर्डो मलम लावतात. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी, हे त्याचे प्रमाण. बुंध्याजवळ पाणी साचू नये म्हणून ते आळेही दुहेरी करतात. म्हणजे औषध आहेच. पण त्याबरोबर पाण्याची वाट वळवणे आहेच आहे.

आता, हा रोग साताऱ्याच्या परसात झाला नाही आणि जबलपुरात का झाला? याचे उत्तर येथल्या मातीत आणि आकाशात आहे. जबलपुरास वर्षाकाठी सरासरी तेराशे ते चौदाशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. शिवाय नर्मदेच्या खोऱ्यातली ही काळी, चिकण माती भिजली की फुगते आणि पाणी धरून ठेवते. वाळली की भेगाळते. जुन्या शेतकऱ्यांनी या गुणाचा मोठा खुबीने उपयोग करून घेतला होता. शेताला चौफेर बांध घालून पावसाचे पाणी आतच कोंडावयाचे, पाऊस सरला की ते सोडून द्यावयाचे, आणि जिरलेल्या ओलीवर गहू-हरभरा घ्यावयाचा. या पद्धतीस येथे ‘हवेली’ म्हणतात. आता ती पुष्कळ ठिकाणी मोडली असली तरी तिच्यामागचे शहाणपण खरेच आहे. रानीताल, आधारताल, हनुमानताल ही आपल्या वस्त्यांची नावेही हेच सांगतात, की ही भूमी पाणी धरणारी आहे. गव्हास जी माती अमृत, तीच कुंडीतल्या कॅक्टसला विष. साताऱ्याच्या परसातले ब्रह्मकमळ उताराच्या, मुरमाड जागेत होते. पाणी येई आणि निघून जाई. आम्ही मात्र येथल्या शेतातली काळीभोर, कसदार माती मोठ्या कौतुकाने आणवून कुंडीत ठासून भरली होती, आणि वर तीस थाळीत बसवले होते. झाडाला आपण घरची माया दिली, असे आम्हांला वाटत होते.

आता ओळख आणि उपाय सांगतो. ज्यांनी कागद-पेन्सिल आणली असेल त्यांनी टिपून घ्यावे.

कुंडीतला कॅक्टस गोल असो, खांबासारखा असो वा ब्रह्मकमळ असो, त्याचा बुंधा हळूच दाबून पाहावा. तो मऊ लागला, पिवळट वा तपकिरी झालेला दिसला, झाड एका बाजूस कलले, किंवा मातीस आंबूस वास येऊ लागला, तर शंका धरावी. जुन्या झाडाचा बुंधा तपकिरी पण लाकडासारखा टणक असेल तर ते केवळ वय आहे, रोग नव्हे. त्यास उगीच सुरी लावू नये. शंका आली की झाड कुंडीतून काढावे. निरोगी मूळ पांढरट वा फिकट भुरे आणि चिवट असते. कुजलेले मूळ काळसर व बुळबुळीत असते. चिमटीत धरून ओढले तर त्याची साल मोज्यासारखी निघून येते आणि आत दोऱ्यासारखी शीर तेवढी उरते. मुळांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. तो मुळांतला रस शोषून जखमा करतो आणि त्या जखमांतून कूज शिरते, म्हणून त्याचाही बंदोबस्त करावा.

उपचार शस्त्रक्रियेचा आहे आणि त्यात भूतदया आड येऊ देता कामा नये. जुनी माती सगळी झटकून व धुऊन टाकावी. धारदार सुरी स्पिरिटने पुसून कुजलेली मुळे कापावीत, आणि प्रत्येक कापानंतर सुरी पुन्हा पुसावी, नाहीतर रोग आपणच पुढे नेतो. कूज बुंध्यात शिरली असेल तर बुंधाही वरवर चकत्या काढत कापत जावे. कापलेल्या भागात तपकिरी वा नारिंगी ठिपका, रेघ किंवा कडे दिसते तोवर थांबू नये; सबंध चकती स्वच्छ, एकरंगी दिसली की थांबावे. रेघभर कूज मागे ठेवली तर आठ दिवसांत ती पुन्हा वर चढते.

यानंतरची पायरी सर्वांत अवघड, कारण तीत काहीच करावयाचे नसते. कापलेला भाग सावलीत, वारा लागेल असा, नुसता पडू द्यावा. ब्रह्मकमळाच्या पातळ तुकड्यास चार-पाच दिवस पुरतात. हातभर जाडीच्या खांबी कॅक्टसला दोन आठवडेही लागतात. कापावर कोरडी, टणक खपली धरली पाहिजे. येथल्या श्रावणातल्या दमट हवेत ती लवकर धरत नाही; अशा वेळी खोलीत पंखा मंद चालू ठेवावा. कापावर गंधकाची पूड किंवा कोळशाची बारीक पूड लावण्याचा माळ्यांचा प्रघात आहे, तो चांगला आहे. परंतु खरे औषध कोरडेपणा हेच होय. खपली धरल्यावर तुकडा नव्या, जेमतेम दमट मातीत खोवावा आणि आठवडाभर पाणी मुळीच घालू नये. तीन ते सहा आठवड्यांत मुळे धरतात. तोवर खत नको, ऊन नको, आणि ‘रुजले का’ म्हणून रोज उपटून पाहणे तर नकोच नको.

जुनी माती दुसऱ्या कुंडीत टाकू नये. कुंडी घासून, उकळत्या पाण्याने धुऊन, कडक उन्हात वाळवावी. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिसाच्या वर जातो. त्या उन्हात ओलसर माती काळ्या किंवा पारदर्शक प्लॅस्टिकखाली चार-सहा आठवडे झाकून ठेवली तर तीतले रोगजंतू पुष्कळसे मरतात. हे औषध फुकट आहे. बाजारात ताम्रयुक्त बुरशीनाशके मिळतात; कॉपर ऑक्सिक्लोराइड एका लिटर पाण्यात तीन ग्रॅम या प्रमाणात कालवून मातीत ओततात. ट्रायकोडर्मा नावाची उपकारक बुरशीही मिळते. ती शेणखतात मुरवून मातीत मिसळतात. दोन्ही एकाच वेळी मात्र वापरू नयेत, कारण तांबे त्या उपकारक बुरशीसही मारते. आणि हेही ध्यानात ठेवावे, की ही औषधे निरोगी मुळाचे रक्षण करतात. कुजलेल्या मुळात प्राण फुंकू शकत नाहीत.

आता प्रतिबंध. तो चार गोष्टींत सांगता येतो: माती, कुंडी, जागा आणि पाणी.

माती अशी हवी की पाणी घातल्यावर ते डोळ्यांदेखत खाली उतरले पाहिजे. गोल व खांबी कॅक्टससाठी दोन भाग जाड, धुतलेली वाळू किंवा विटांची चाळलेली खडी, एक भाग साधी माती आणि एक भाग पालापाचोळ्याचे मुरलेले खत. विटांची बारीक भुकटी मात्र चाळून टाकावी. ती चिखल करते. ब्रह्मकमळ हे मूळचे जंगलातले, झाडांच्या खांद्यांवर, पालापाचोळ्याच्या आधाराने वाढणारे. त्यास पालापाचोळ्याचे खत अधिक घालावे, आणि त्यात नारळाच्या सोडणाचे तुकडे व कोळशाचे तुकडे मिसळावेत. काळी शेतमाती दोघांनाही नको.

कुंडी मातीची, न रंगवलेली बरी. तिच्या अंगातून ओल बाहेर पडते. ती मुळांच्या गड्ड्यापेक्षा बोट-दोन बोटेच मोठी असावी, कारण मोठ्या कुंडीतली मुळे न पोचलेली माती उगीच ओली राहते. तळास भोके मोकळी हवीत. भोकावर एक खापरी ठेवावी, एवढेच पुरे. पाणी चांगले निचरावे म्हणून तळाशी खड्यांचा चार बोटे थर घालण्याची आपल्याकडे रीत आहे. ती लाभाची नाही. बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या खड्यांत सहजासहजी उतरत नाही. ते थराच्या वरच्या बाजूस अडून बसते, आणि ओली माती मुळांच्या अधिक जवळ येते. खडे घालावयाचेच तर मातीत मिसळून घालावेत. थाळी ठेवलीच तर पाणी दिल्यावर अर्ध्या तासात ती रिकामी करावी.

जागा पावसाळ्यात पन्हाळीखाली किंवा उघड्या गच्चीवर नको. मृगाचा पहिला पाऊस झाला की कॅक्टसच्या कुंड्या पडवीत, उजेड येईल पण झड येणार नाही अशा जागी हलवाव्यात आणि नवरात्रापर्यंत तेथेच राहू द्याव्यात. ब्रह्मकमळास उन्हाळ्यात दुपारचे ऊनही नको. झाडाची सावली त्यास मानवते.

राहिले पाणी. त्याचा वार ठरवू नये. सोमवारी आणि गुरुवारी उपास करावा, पाणी घालू नये! उदबत्तीची जळून उरलेली काडी कुंडीत तळापर्यंत खोचावी आणि काढून पाहावी. ओली निघाली, माती चिकटली, तर तांब्या परत न्यावा. कोरडी निघाली तर भोकातून पाणी येईपर्यंत घालावे, आणि पुन्हा काडी कोरडी निघेपर्यंत थांबावे. ब्रह्मकमळाची वरची दोन बोटे माती सुकली की त्यास पाणी चालते. काटेरी कॅक्टसची कुंडी तळापर्यंत सुकू द्यावी. पौष-माघातल्या थंडीत काटेरी कॅक्टसला जवळजवळ पाणीच नको. थंडी आणि ओल यांची जोडी उन्हापेक्षा वाईट.

हे सारे आम्हांला नंतर कळले. आता त्या झाडाची गोष्ट पुरी करतो. उपटून आलेल्या झाडाची वरची पाने अजून हिरवी होती. आम्ही घाईघाईने ती कापली आणि त्याच दिवशी, त्याच मातीत, त्याच कुंडीत खोवली, आणि सवयीने वर पाणी घातले. खपली धरू द्यावी हे ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असते तरी त्या दिवशी हातावर हात ठेवून बसवले नसते. पंधरा दिवसांत एकेक करून सगळी पाने कुजली. आजीचे झाड संपले. घरात कोणी त्याविषयी बोलले नाही; कुंडी मात्र बरेच दिवस तशीच रिकामी होती.

पुढे कोजागिरीस मंडळात दूध घेताना हा विषय सहज निघाला. तेव्हा खमरियाच्या कारखाना वसाहतीत राहणाऱ्या एका भगिनी म्हणाल्या, “तुमचे झाड गेले कसे? ते तर आमच्याकडे आहे!” आम्ही पार विसरलो होतो. पाच-सहा वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीच्या हौसेखातर आम्हीच एक पान दिले होते. ते त्यांच्या पडवीत, फुटक्या माठाच्या बुडात, विटांच्या तुकड्यांत आणि वाळक्या पाल्यात वाढत होते. कुंडी विकत आणावयाची राहून गेली आणि पाणी घालावयाचे वरचेवर विसरत असे, याबद्दल त्यांनी संकोचाने क्षमाही मागितली. ते झाड आमच्या झाडाच्या दुप्पट झाले होते. त्यांनी दुसऱ्याच दिवशी तीन पाने आणून दिली, आणि आज आमच्या पडवीत जे ब्रह्मकमळ आहे ते त्यांपैकी एकाचे. त्यांची ती मुलगी लग्न होऊन पुण्यास गेली, तिनेही एक पान नेले. गेल्या पावसाळ्यात ते तिच्या गॅलरीत फुलल्याचे छायाचित्र मध्यरात्री आम्हांला आले. साताऱ्याहून निघालेले पान जबलपुरास येऊन पुण्यास पोचले.

तेव्हा मूळकूज टाळण्याचा एक उपाय सांगावयाचा राहिला होता, तो हा. माती कितीही चांगली केली आणि पाणी कितीही मोजून घातले, तरी एखाद्या वर्षी चूक होते. म्हणून आपल्याजवळ जे एकच आहे ते एकाच कुंडीत ठेवू नये. त्याचे एक पान दुसऱ्याच्या घरी असू द्यावे. आपण येथे दूर आलेली माणसे. आपल्या आयांच्या ओव्या, कुळाचाराची पथ्ये, मसाल्यांची प्रमाणे आणि घरोघरची झाडेसुद्धा आपण आपापल्या घरात मोठ्या निगुतीने जपतो; पण या हॉलमध्ये बसलेल्या दुसऱ्या कोणाकडे त्यांचा एखादा तुकडा दिला आहे का, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

वेळ झाली आहे. अध्यक्षमहाराजांनी दोनदा घड्याळ पाहिले, ते आमच्या लक्षात आले आहे. बाहेर दाराशी एका टोपलीत ब्रह्मकमळाची चाळीसएक पाने ठेवली आहेत. ती गेल्या आठवड्यात तोडून सावलीत सुकवली आहेत. प्रत्येकाच्या टोकाला खपली धरली आहे. जाताना प्रत्येक कुटुंबाने एकेक न्यावे. घरी गेल्यावर रुंद, हिरवे टोक वर आणि खपलीचे टोक खाली ठेवून ते कोरड्या-दमट मातीत दोन बोटे खोल खोवावे.

आणि कृपा करून आठ दिवस त्यास पाणी घालू नये.